माझ्या ताटात जेवू नका

घणसोली गावात ज्या आजींच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहायचो, त्यांच्या घरात मांडणीभर भांडी होती, पण जेवायला ताट एकच निघायचं. परातीएवढं मोठं, स्टीलचं. मध्ये भाताचा ढीग, कडेने कालवण, आणि समोर जो कोणी असेल त्याला हुकूम, "बस. हात घाल." मग तो भाडेकरू असो, लाईटचं बिल द्यायला आलेला माणूस असो, नाहीतर टाकी दुरुस्त करायला आलेला प्लंबर. कुणी संकोचून वेगळी प्लेट मागितली, तर मांडणीकडे पाठ करून त्या सांगायच्या, "नाय हाय."

गाव त्यांना थोडं सरकलेलं समजायचं. गुडघ्याच्या जरा खाली येणारं लुगडं, कानात जड सोनं, आणि बोलताना समोरच्याचं मनगट घट्ट धरून ठेवायची सवय. मनगट धरल्याशिवाय त्यांना बोलताच यायचं नाही. कुणी पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला की उरलेलं पाणी त्या पिऊन टाकायच्या. पेरू खाणाऱ्या माणसाच्या हातातला पेरू घेऊन त्याला दात लावायच्या आणि परत द्यायच्या. शेजारच्या बायका नाक मुरडायच्या. धाकटा मुलगा रस्त्यापलीकडे टॉवरमध्ये राहायचा, तो भाडं गोळा करायला आला की म्हणायचा, "आये, लोकांना नाय आवडत. इन्फेक्शन होतं." त्यावर आजी त्याचंही मनगट धरायच्या आणि विचारायच्या, "तुना झाला का कदी?"

मी मराठवाड्यातून आलेलो. महापेला एका कंपनीत रात्रंदिवस चालणारे कॉम्प्युटर सांभाळायचं काम होतं. खोली बघायला आलो त्या दिवशीच त्यांनी ताट पुढे ओढलं. घरमालकाला आधीच सांगून टाकलेलं बरं असतं, हे मी दोन खोल्या गमावून शिकलो होतो. मी म्हणालो, "आजी, आम्ही बौद्ध आहोत."

"मंग? भात नाय खात?"

मी बसलो.

त्यानंतर वर्षभराने मला माझा आजार कळला. तो कसा झाला ते इथे सांगत नाही. ते ऐकल्यावरच लोक ठरवतात की या माणसाची कीव करायची की नाही, आणि मला तो निवाडा नको आहे. तपासणी कशी झाली ते मात्र सांगतो. अंगात बारीक ताप राहायचा, वजन उतरत होतं, आणि मनात शंका होती. दवाखान्यात जाऊन रांगेत उभं राहायची छाती नव्हती. मोबाईलवर एका संस्थेचं ॲप सापडलं. त्यावर चॅटमध्ये नाव न सांगता सगळं विचारता यायचं. त्यांनी घरी तपासणीचं किट पाठवलं. साधा खोका, वर मोबाईल कव्हर असं लिहिलेलं. खिडकी लावून मी कॉटवर बसलो, फोन उशीला टेकवला, आणि पलीकडून एक तरुण समुपदेशक मॅडम एकेक पायरी सांगत गेल्या. बोट टोचलं. थेंब टाकला. वाट बघितली. दुसरी रेघ उमटली तेव्हा त्या म्हणाल्या, "मी इथेच आहे. फोन बंद करू नका."

पुढे सरकारी दवाखान्यात पक्की तपासणी झाली, फुकट गोळ्या सुरू झाल्या. तिथे महिन्याकाठी एक चक्कर, बाकी सगळं फोनवर. रिपोर्ट फोनवर, शंका फोनवर, मॅडमही फोनवर. माझा आख्खा आजार त्या फोनमध्ये मावला होता आणि फोनला कुलूप होतं. या सोयीचं मला तेव्हा फार कौतुक वाटायचं. ॲप तर इतकं हुशार होतं की गोळीची आठवणसुद्धा ते उघड करून द्यायचं नाही. संध्याकाळी घंटी वाजायची आणि स्क्रीनवर यायचं, 'झाडांना पाणी घाला.'

आजींच्या कानांनी ती घंटी टिपली. "रोज काय वाजतंय रं तुजा?"

"झाडांना पाणी घालायची आठवण आहे, आजी."

त्यांनी खोलीत डोकावून चारही कोपरे पाहिले. "झार तर एकपन नाय."

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर दारात रंगाच्या जुन्या डब्यात कढीपत्त्याचं रोप. तेव्हापासून घंटी वाजली की ओट्यावरून त्यांचा आवाज यायचा, "पानी घातला का?" मी आधी गोळी घ्यायचो, मग बाहेर येऊन रोपाला पाणी घालायचो.

सुरुवातीच्या आठवड्यांत गोळ्यांनी मळमळायचं. एकदा दोन दिवस अंथरुणातून उठलो नाही. आजी वर आल्या. पेज करून आणली होती, सोबत सुकटीची चटणी. मी कसाबसा उठून दोन घास घेतले. त्यांनी सवयीप्रमाणे माझ्याच थाळीत बोटं घातली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आजी, माझ्या ताटात जेवू नका."

कळत होतं की काही होत नाही. मॅडमनी दहादा सांगितलं होतं. तरी निघून गेलं.

आजींचा हात थाळीतच थांबला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "तुना त्यो आजार हाय ना?"

मी थाळी स्वतःकडे ओढली.

"माजा थोरला आजार कलला तवा असाच बोलाचा. आये, माज्या ताटात नको जेवू. दुसरा कोन असा बोलत नाय. पडसं असंल, ताप असंल, तरी कोन असा बोलत नाय."

त्यांनी घास उचलला, खाल्ला, आणि थाळी रिकामी होईपर्यंत माझ्यासोबत जेवत राहिल्या. मग भिंतीला टेकून थोरल्याची गोष्ट सांगितली. त्या घरात मी इतके दिवस राहिलो होतो, पण भिंतीवर त्याचा फोटो नव्हता, त्यामुळे असा कुणी होता हेच मला माहीत नव्हतं.

थोरला बंदरावर ट्रेलर चालवायचा. उंचापुरा, हौशी. लग्न होऊन वर्ष दीड वर्ष झालं असेल, तेव्हा आजारी पडला. मोठ्या दवाखान्यात नाव सांगितलं आजाराचं. आजींनी ते नाव उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं, पण गावात ते पोहोचायला वेळ लागला नाही. मागच्या अंगाला जनावरांची खोली होती, जनावरं तेव्हाच विकली होती. तिथे त्याची खाट टाकली. अॅल्युमिनियमचं एक ताट त्याच्यासाठी वेगळं काढलं. जेवण वाढून त्या ते उंबऱ्यावर ठेवायच्या आणि काठीने आत सरकवायच्या. कपडे उकळत्या पाण्यात घालायच्या. अंगाला हात लावायच्या नाहीत.

"त्यो रडायचा नाय," आजी म्हणाल्या. "मीच बायेर बसून रडायची. त्यो आतून सांगायचा, आये, तू बरोबर करतंस."

आणि सुनेला त्यांनी हाकलून दिलं. हिनेच घरात आणला, असं चारचौघांत बोलून तिला उरणजवळ मोऱ्याला माहेरी पाठवलं. तपासल्यावर तिलाही निघाला होता. कुणी कुणाला दिला, हे कोणत्याही दवाखान्याने सांगितलं नव्हतं. ते आजींनीच ठरवलं होतं.

थोरला गेला. त्याचं कार्य उरकल्यावर आजींनी ते अॅल्युमिनियमचं ताट खाडीत फेकलं आणि घरी येऊन मोठं ताट काढलं. तेव्हापासून जो येईल तो त्या ताटात. गाव ज्याला वेड म्हणायचं ते हे होतं.

मला वाटलं होतं की आता माझ्या आजाराची गोष्ट गावभर होईल. झाली नाही. माणसांचं उष्टं खाणाऱ्या आणि ओट्यावर बसून अख्ख्या गल्लीची खबर ठेवणाऱ्या या बाईने माझ्याबद्दल कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. फरक इतकाच पडला की संध्याकाळी घंटी वाजली की त्या आता विचारायच्या, "गोली घेतली का?" आणि कुणी जवळ असलं तर, "पानी घातला का?"

मॅडमशी माझा अधूनमधून व्हिडिओ कॉल असायचा. एका रविवारी दुपारी मी बोलत असताना आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. फोनवर त्यांचा विश्वास नव्हता. "त्याच्यात मानूस दिसतंय, पन धरता नाय येत," असं म्हणायच्या. त्या दिवशी मात्र म्हणाल्या, "तुज्या बाईला मना येक इचारायचं हाय."

मी मॅडमना विचारलं, त्या हो म्हणाल्या. आजींनी डोक्यावरून पदर घेतला, फोटोला बसावं तशा ताठ बसल्या, आणि हातात धरायला मनगट नव्हतं म्हणून माझंच धरलं.

"जेवलीस का?"

"हो आजी. बोला ना."

"येका ताटात जेवला तर त्यो आजार लागतंय का?"

"नाही. एका ताटात जेवून, एका ग्लासातलं पाणी पिऊन, अंगाला हात लावून, काहीच होत नाही."

"त्या मना माहीत हाय. मी याच्यासंगती रोज जेवतंय." त्या फोनकडे जरा वाकल्या. "पन तवा? वीस वर्सं झाली. तवा त्यो आजार जहाल असंल. आता तुमी गोल्या काढल्या, म्हनून नरम पडला. तवा लागत असंल ना?"

मॅडमना थोरल्याबद्दल काही माहीत नव्हतं. पण प्रश्नामागे काय आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. मी मनातल्या मनात म्हणत होतो की त्यांनी हो म्हणावं. एका म्हातारीला एक हो मिळाला असता तर कुणाचं काय गेलं असतं.

"नाही आजी," मॅडम म्हणाल्या. "आजार तेव्हाही हाच होता. गोळ्या सहज मिळत नव्हत्या, ते खरं. पण ताटातून तो तेव्हाही लागत नव्हता."

"तवा कोनाला माहीत नसंल."

"डॉक्टरांना माहीत होतं. लोकांपर्यंत पोहोचलं नव्हतं. तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं. तुमचा दोष नाही त्यात."

माझ्या मनगटावरची आजींची पकड सैल झाली.

"सांगितला व्हता," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातली येक नर्स बोलली व्हती. मावशी, जवल बसा त्याच्या, काय होत नाय. मी तिला बोलले, तुजा पोरगा असता तर तू बसली असतीस का? ती बोलली, बसले असते. मना खोटा वाटला."

आजी उठून खाली गेल्या. त्या दिवशी त्यांनी चूल पेटवली नाही.

आठवड्याभराने त्या म्हणाल्या, "मोऱ्याला जायचं हाय. तू चल." का, ते विचारायची गरज नव्हती. नेरूळवरून आता उरणला गाडी जाते, पुढे रिक्षा केली. मोऱ्याला धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुनेच्या भावाचं घर अजून तिथेच होतं. भावाने त्यांना ओळखलं, आत या म्हणाला नाही, फक्त गल्लीच्या टोकाचं एक घर हाताने दाखवलं.

सून ओट्यावर सुकवलेले बोंबील निवडत बसली होती. कानशिलावर केस पांढरे झालेले, बाकी अंगाने ठणठणीत. मागे घरात शाळेचं दप्तर खुंटीला अडकवलेलं होतं. तिने वर पाहिलं, ओळखलं, हात पुसले. दोन पाट टाकले. पाणी आणून दिलं. मग स्वतः उभीच राहिली.

"कशाला आलात?"

"तुला बघाला."

"बघितलंत. मी बरी हाय. वर्सानुवर्सं गोल्या घेते, येक दिवस चुकवला नाय. नवरा पन तसलाच हाय, गोल्यावाला. आमच्यासारख्यांचा मोबाईलवर ग्रुप हाय, त्यात जमला. मुलगी झाली, तिला काय नाय. तपासून घेतलाय." हे सगळं तिने एका दमात सांगितलं, जसं काही हे उत्तर वर्षानुवर्षं तोंडात तयार होतं आणि विचारणारा आला नव्हता. मग माझ्याकडे बघून विचारलं, "हा कोन?"

"भाडेकरू आहे," मी म्हणालो. "मीही घेतो गोळ्या."

तिने मान हलवली. पहिल्यांदा तिचा चेहरा जरा निवळला. ती ओट्याच्या कडेला टेकली. एक बोंबील हातात घेतला. मग तिने सासूकडे न बघता विचारलं, "त्याने माजी आठवन काढलेली का? शेवटाला?"

"रोज आठवन काराचा," आजी म्हणाल्या. "तिला बोलव, तिला बोलव, असा चालला व्हता."

"मंग?"

"मी सांगितला त्याला, निरोप पाठवलाय. ती नाय बोलली. यायचा नाय, असा बोलली."

"मना निरोप नाय आला."

"मी पाठवलाच नाय."

हातातला बोंबील सुनेने टोपलीत ठेवला, टोपली उचलली आणि आत गेली. आम्ही बसून राहिलो. ऊन ओट्यावरून उतरून गल्लीत गेलं. शेवटी तिचा नवरा बाहेर आला. बोटीवर काम करणारा, शांत माणूस. खाली वाकून म्हणाला, "आजी, ती आता भायेर नाय येनार. तुमी निघा. गारी चुकंल." मी त्याला माझा नंबर दिला, का ते मलाही ठाऊक नव्हतं.

परत येताना मी म्हणालो, "आजी, थोडं खोटं बोलला असता तरी चाललं असतं. निरोप पोहोचला नसेल, इतकंच म्हणायचं."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "त्याला खोटा सांगितला, त्यो तसाच गेला. तिला पन खोटाच सांगू?"

त्या रात्री मी माझ्या बहिणीला फोन केला आणि आजाराबद्दल सांगितलं. घरच्यांपैकी कुणाला सांगायची माझी ती पहिलीच वेळ. ती रडली, मग औषधं वेळेवर घेतोस ना म्हणाली. मोऱ्याच्या त्या ओट्यावर बसलो नसतो तर हे मी केलं असतं असं वाटत नाही.

आजी मात्र त्यानंतर खचत गेल्या. ताट निघायचं, पण हुकूम सुटायचा नाही. कुणी बसलं तर बसलं. कुणी वेगळी प्लेट मागितली तर त्या गुपचूप मांडणीवरची काढून द्यायच्या. शेजारणी म्हणाल्या, म्हातारी सुधारली. मला ते बघवायचं नाही. ओट्यासमोरून चाललेल्या माणसांना हाका मारायच्या त्या बंद झाल्या, आणि एका सकाळी नळावर चक्कर येऊन पडल्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

धाकट्याने त्यांना टॉवरमधल्या घरी नेलं. त्याने आईचं केलं नाही असं मी म्हणणार नाही. माणूस ठेवला, खाट आणली, डॉक्टर घरी यायचे. मी कामावरून जाताना डोकावायचो, त्यांच्या डाव्या हाताजवळ बसायचो. त्या डोळ्यांनी ओळखायच्या.

अशातच माझ्या फोनवर एका अनोळखी नंबरचा व्हॉइस मेसेज आला. सुनेचा होता. मागे वारा आणि बोटीच्या इंजिनाचा आवाज. "मी मोऱ्यावरून बोलते. आईंना सांगा, माजा राग गेला नाय. पन येक इचारायचं राहून गेलं. त्यो कंच्या दिवशी गेला, ते मना कोनी सांगितलाच नाय. मी त्याच्या नावाने कदी पान ठेवला नाय. तिथी तेवरी सांगा."

संध्याकाळी मी तो मेसेज आजींच्या कानाशी धरून ऐकवला. तिचा आवाज ओळखून त्यांचे डोळे मोठे झाले. पुन्हा ऐकवायची खूण त्यांनी केली, मी ऐकवला. मग त्यांचे ओठ हलायला लागले. एक आवाज निघाला, मग दुसरा, पण त्याचा शब्द होईना. डावा हात चादरीवर काहीतरी मांडत राहिला. मी महिन्यांची नावं घेत गेलो, त्या मान हलवत गेल्या, पण ती हो ची होती की नाही ची, ते समजेना. चेहरा लाल झाला तसा धाकटा म्हणाला, "पुरे. बीपी वाढंल."

मी त्यालाच विचारलं. तो तेव्हा कामाला परगावी होता. "पावसाळा होता एवढं आठवतं," म्हणाला. गावातल्या जुन्या बायकांना विचारलं. एक म्हणाली, गौरीच्या मागेपुढे. दुसरी म्हणाली, नाही, त्याच्या बरंच आधी. ज्या घरामुळे गल्लीतल्या लोकांनी तेव्हा रस्ता बदलला होता, त्या घरातला मृत्यू कुणी लक्षात ठेवला नव्हता. एकाच माणसाला तो दिवस पाठ होता.

आजी त्याच आठवड्यात गेल्या.

क्रियाकर्म झाल्यावर मी सुनेला उत्तर पाठवलं. तिथी मिळाली नाही, विचारून पाहिलं, आणि ज्यांना माहीत होती त्या आता नाहीत, असं सांगितलं. मेसेज तिने लगेच ऐकला, ते दिसलं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, अगदी लहान.

"असू दे. ज्यांची तिथी माहीत नाय त्यांच्यासाठी सर्वपित्री हाय. मी त्याला त्या दिवशी ठेवीन. आईंची तिथी मात्र मना कलवा."

मी कॅलेंडर काढून बघितलं. वद्य षष्ठी होती. तिला कळवली.